इहिरीजवळची किडकी मेथी

माझ्या लेकीला सातवा लागला आन आमच्या गावात तिला खायला हिरवं पान मिळंना. ऐकून लोक हसत्यात. त्यास्नी वाटतंय, खेडं म्हणलं की भाजीला काय तोटा. या म्हणावं एकदा. माकणीच्या धरणाखालचं गाव आमचं, पाणी बख्खळ, चारी अंगानं रानच रान. आन रानात काय? सोयाबीन. सोयाबीन निघालं की हरभरा, न्हायतर ऊस. हरभऱ्याचा पाला खुडाय वाकावं तर मालक लांबूनच वरडतोय, "बाई, हात लावू नगंस, कालच अळीचं औषध मारलंय!" मग भाजी कुठं? आठवडी बाजारात. ती येती टेंपोनं, लांबच्या शहरातल्या मोंढ्यातनं, शिळीपाकी. बाजारवाला तिच्यावर पाणी मारून मारून तिला जिती ठेवतोय. घरी आणून पिशवी उघडली की कुजका वास.

अक्षदा माझी एकुलती एक लेक. पहिलं बाळंतपण माहेरी असतंय, म्हणून घेऊन आले तिला. दवाखान्यातल्या सिस्टरनं रक्त तपासलं आन माझ्याकडंच बघाय लागली, जसं काय म्याच पोरीचं रक्त पिलंय. म्हणली, "मावशी, हिच्या अंगात रक्तच नाही. गोळ्या देते, पण हिरवी भाजी रोज पोटात गेली पाहिजे. मेथी, पालक, शेपू. आणि फवारलेली नको हां, बाळाला बरं नाही ते." रोज! सांगून मोकळी झाली बाई. कुठनं आणू? आमी धनगर. मेंढरं हायती, रान न्हाय. मेंढराच्या पाठीवर काय मेथी उगवती?

गावात भाजी करणारा एकच मोठा मानूस, भागवतअण्णा. आधी मी अहो-जाहो करायची त्याला. आता तोंडातनं निघत न्हाय, निघणारबी न्हाय. त्यानं रस्त्याच्या कडंला ही एवढी पाटी ठोकलीया, 'सेंद्रिय भाजीपाला, विषमुक्त अन्न'. पाटीवर गाईचं चित्र. गोठ्यात गाय एकबी न्हाय, हाय ती पाटीवरच. त्याचा पोरगा कृष्णराज पुण्याला राहून तिथल्या मोठ्या सोसायट्यांत भाजी पोचवतोय. पहाटं टेंपो भरून जातोय. गावातल्या कुणी एक जुडी मागितली तर अण्णाचं ठरलेलं, "सगळी बुकिंगची हाय बघा." भाजी आमच्या नाकासमोरनं जायची आन आमी धूर खायाचा. गावात पिकतंय आन गावालाच मिळंना, ह्याचा मला पैल्यापासनंच राग. पण राग खाऊन लेकीचं रक्त वाढतंय व्हय?

दिवाळी झाली आन अण्णा आपल्या पायानं आमच्या दारात आला. त्याला सोयाबीन निघालेल्या रानात मेंढरं बसवायची व्हती. मेंढरं बसवायची म्हणजे कळपाला रातभर त्या रानात जाळीच्या वाघरीत कोंडायचं. लेंड्या पडत्यात, मूत पडतंय, जमीन लोण्यावानी व्हती. दुसऱ्या दिशी वाघर थोडी पुढं सरकवायची. असं करत करत आख्खं रान खताचं व्हतंय. दुनियेत असलं खत न्हाय. त्याच्या बदल्यात शेतकरी आमाला ज्वारी देतोय, आज्या-पणज्यापासनं चालत आलंय हे.

माझा नवरा मल्हार ज्वारीचं बोलाय लागला, तवर म्या मधीच तोंड घातलं. "अण्णा, ज्वारी नगं. रोज सकाळी भाजी द्या. लेक गरवार हाय माझी. पण फवारलेली नगं बघा, सिस्टरनं बजावून सांगितलंय."

अण्णानं कानाच्या पाळीला हात लावला. "दैवशाला, माझ्या रानात औषधाचा थेंब न्हाय. पाटी बघितलीस न्हाय का? आन अक्षदा काय मला परकी हाय? लेकीसारखी लेक. घेऊन जा रोज, ताजी ताजी."

अण्णा गेल्यावर मल्हार माझ्यावर उखडला. "ज्वारी सोडून पाला मागितलीस? डोस्कं ठिकाणावर हाय का तुझं? वरीसभर खायाचं काय?"

"तुमच्या मेंढरास्नी पाला लागतोय," म्या म्हणलं, "माझ्या लेकीला लागत न्हाय व्हय?"

काठी उचलली आन मेंढरांकडं निघाला. माझ्याम्होरं लई येळ बोलत न्हाय तो.

मग रोज सकाळी दुरडी घेऊन मी अण्णाच्या रानात. त्याची बायकू कमलवैनी आपल्या हातानं खुडून द्यायची. रस्त्याच्या कडंचा मोठा पट्टा व्हता, त्यातली. काय सांगू ती मेथी! एक पान फाटलेलं न्हाय, एक डाग न्हाय. वांगी तर अशी तुकतुकीत, की तोंड बघून घ्यावं. इहिरीजवळ आणिक एक लहान वाफा व्हता. त्यातबी मेथी, शेपू, कांद्याची पात, वांग्याची दोन-चार झाडं. पण सगळं किडकं. पानास्नी चाळणीवानी भोकं, वांग्यात अळ्या. बघून कुणी दारात घेणार न्हाय असली भाजी.

एकदा मलाच वाईट वाटलं. म्या म्हणलं, "वैनी, मोठ्या पट्ट्यातली पुण्याला जाणारी असंल. मला आपली ह्या इहिरीजवळची द्या. किडकं काढून टाकीन, चालतंय मला."

"नगं नगं," वैनी घाईघाईनं म्हणली, "ती आमी घरी खाताव. तू चांगली घेऊन जा."

बया गं! मला रडूच यायचं राहिलं व्हतं. घरी येऊन मल्हारला सांगितलं, बघा, ह्याला म्हणत्यात मोठं मन. किडकी आपून खात्यात आन चांगली आपल्या लेकीला देत्यात. तुळजाभवानी त्यास्नी काय कमी पडू देणार न्हाय. येडी मी, ठार येडी! जनम गेला मेंढरामागं, भाजीतलं मला काय कळतंय? मेंढरू आजारी हाय का न्हाय ते कान बघून सांगीन, पण मेथीचं पान बघून काय सांगू?

एक दिस रानात गेले तर डोळे चुरचुराय लागले. अण्णा पाठीवर पंप घेऊन मोठ्या पट्ट्यातनं चाललेला. तोंडाला गमजा गुंडाळलेला, नुसते डोळे दिसलाले.

"काय मारलालाव, अण्णा?"

"गोमूत्र गं. गोमूत्र आन कडूलिंबाचा पाला. सेंद्रिय औषध हाय ते."

मी व्हय म्हणून घरी. गाय पाटीवर, मग मूत कुठलं, हे माझ्या डोस्क्यात आलंच न्हाय. का आलं न्हाय? तर मला आणायचंच नव्हतं. लेक जेवायली व्हती ना! अक्षदाला कच्ची मेथी लई आवडायची. भाकरीवर तेल-तिखट घ्यायची आन वर मेथीची कवळी पानं. पोरगी घास मोडत नव्हती आधी, आता भाकरी संपवून बोटं चाटायची. मी म्होरं बसून म्हणायची, "खा माय, खा. आपल्या मेंढरांची कमाई हाय ही. लाजू नगंस, आणिक घे." तिच्या गालावर तुकतुकी आलीया असं वाटायचं मला. सिस्टरनंबी रक्त वाढलंय म्हणून सांगितलं. मी दवाखान्यात सगळ्यास्नी सांगत सुटले, आमच्या अण्णाच्या रानातली भाजी हाय म्हणून. अशी जाहिरात केली त्याची, फुकटात.

मग येळवस आली. येळ अमावस्येला आमच्याकडं गावात मानूस राहत न्हाय. घरास्नी कुलपं, एसट्या मोकळ्या पळत्यात, सगळं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं करायचं, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे. आंबील, ज्वारी-बाजरीचे उंडे, खीर, आन भज्जी. भज्जी म्हणजे तेलात तळलेली भजी न्हाय. रानात जे जे हिरवं असंल ते सगळं एका पातेल्यात. तुरीचे दाणे, वालाचे दाणे, मेथी, पात, गाजर, वांगं, वरनं बेसन आन चिंच. वाटनं जाणाऱ्याला हाताला धरून जेवाय बसवायचं. अण्णाकडनं आमालाबी सांगावा आलता. आमी बी मोठ्या हौसंनं गेलाव. मल्हार म्हणला, जेवण करून मेंढरं चाराय सोडतो, म्हणून सकाळपासनं ती अण्णाच्या रानातल्या वाघरीतच कोंडलेली.

त्यांच्या घरी भज्जी रानातच शिजवायची रीत. चुलीपाशी अर्पिता बसली व्हती, कृष्णराजाची बायकू. उन्हाळ्यात लगीन झालेलं, लातूरच्या नोकरदाराची लेक, सणासाठी पुण्याहून आलेली. नवऱ्याला सुट्टी न्हाय म्हणून एकलीच. पोरगी गुणाची, उगं खोटं कशाला बोलू. पदर खोचून धुरात बसलेली, डोळ्यातनं पाणी गळलालं, तरी हसत व्हती. अक्षदाला बघितलं तशी उठली, सावलीला घोंगडं आथरून दिलं, पाठीमागं उशीगत पोतं लावून दिलं. "ताई, तुम्ही बसा निवांत. काय लागलं तर मला सांगा." दोघी लागल्या बोलाय, जसं काय लहानपणापासनं वळखीच्या.

मंडळी बरीच व्हती. अण्णाचे भाऊबंद, त्यांच्या बायका, आन उत्तरेश्वरमामा. हे मामा एसटीत कंडक्टर व्हते, आता घरीच असत्यात. भाऊबंदांत त्यांच्या शब्दाला मान. पूजा झाली. अण्णा आंबील शिंपडत रानाला फेरी मारून आला आन घाम पुसत पंगतीत बसला. ताटं मांडली. वैनी पळी घेऊन आधी नैवेद्याचं ताट वाढाय आली. तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं, असा खमंग वास सुटला म्हणता, माझ्या अक्षदानं तिकडनंच नाक वर केलं.

"अगं, लई हिरवीगार दिसलालीय गं," वैनी म्हणली. "इहिरीजवळ एवढी मेथी कुठं राहिली व्हती?"

अर्पिता हसली. "तिथली नाही घेतली, आत्या. त्या वाफ्यातली सगळी पानं किडीनं खाल्लेली. सणाला पांडवांच्या म्होरं किडकी भाजी कशी ठेवायची? मी मोठ्या पट्ट्यातली खुडली सकाळी. वांगी पण तिथलीच."

तिला वाटलं असंल, सासू शाबास म्हणंल. वैनीचं तोंड पांढरंफटक पडलं. पळी हातात तशीच.

अण्णा पंगतीतनं उठला. "कुठली म्हणलीस?"

"मोठ्या पट्ट्यातली, मामंजी."

अण्णा चुलीपाशी आला. खांद्यावरच्या गमजानं त्यानं पातेल्याचे कान धरले, उचललं आन बांधाच्या कडंला पालथं केलं. सगळं. सणाच्या दिशी, पांडवांच्या म्होरं, उकळतं अन्न मातीत. वाफ निघत व्हती त्यातनं.

"पाल पडली!" वरडला. "आत पाल पडलीया, कुणी खाऊ नगा!"

मी चुलीपाशीच बसलेली. डोळे हायती मला. पाल काय, मुंगीबी पडली नव्हती. म्या म्हणणार, तवर वैनीनं अर्पिताचं मनगाट धरलं. "चव बघितलीस का? खरं सांग, चव बघितलीस का तू?"

"नैवेद्याआधी कोण चव बघंल, आत्या?" पोरगी भेदरली व्हती. "झालं काय पण?"

"आई भवानी!" वैनीनं तिला छातीशी धरलं, पाठीवरनं हात फिरवला. आन तिच्या तोंडातनं निघून गेलं, "दोन जिवाची हायस माय तू. परवाच फवारलंय तिथं."

हळूच बोलली ती. सुनंच्या कानात बोलली. पण मी हाताच्या अंतरावर व्हते.

 परवा फवारलंय. परवा. म्हणजे काल सकाळी माझ्या दुरडीत पडली ती मेथी. काल दुपारी अक्षदानं कच्ची खाल्ली ती. आन त्याच्या आधीची? त्याच्याबी आधीची? दिवाळीपासनं रोज, रोज! इहिरीजवळची किडकी का, ते तवा मला कळलं. किड्यानं खाल्लंय म्हणजे त्याच्यावर काय मारलेलं न्हाय. ती घरची. आन जिला किडाबी तोंड लावत न्हाय ती आमाला. लोकास्नी. माझ्या लेकीला.

मी उठले. "वैनी," म्या म्हणलं, "सून दोन जिवाची हाय म्हणून पातेलं पालथं केलाव. लई चांगलं केलाव. आन ही?" म्या अक्षदाकडं बोट केलं. "ही कोण हाय? हिच्या पोटात काय दगड हाय व्हय? रोज सकाळी तुमच्या हातानं खुडून दिलाव. तुमच्या ह्या हातानं! तवा न्हाय थरथरला हात?"

वैनी खाली बघाय लागली. "धुऊन खाल्लं की काय व्हत न्हाय, दैवशाला..."

"काय व्हत न्हाय? मग पातेलं कशाला वतलाव? तुमच्या सुनंनं काय न धुताच घातली व्हती?"

"चांगली खळखळून धुतली होती मी," अर्पिता म्हणली. ती रडत व्हती. "आत्या, ह्या काकूंना तिथलीच देत होता तुम्ही? ताईंना? माहीत असून?"

वैनीनं तिला गप म्हणून खूण केली. मी पंगतीकडं बघितलं. वाटलं, आता कुणी तरी उठंल, अण्णाला चार शब्द सुनवंल. भाऊबंद ताटाकडं बघत बसलेले. उत्तरेश्वरमामा घसा खाकरून म्हणले, "दैवशाला, असं बघ, भाजी करणारा कोणबी असू दे, घरचा वाफा येगळाच ठेवतोय. बाजारच्याला मारावंच लागतंय. ह्यात नवं काय हाय? सगळ्यास्नी ठाव हाय हे."

सगळ्यास्नी! ऐकलाव का? सगळ्यास्नी ठाव व्हतं. भाऊबंदास्नी ठाव, त्यांच्या बायकांस्नी ठाव. ठाव नव्हतं ते फकस्त आमाला, ज्याच्याकडं रान न्हाय त्याला. आन त्या नव्या पोरीला, तिला घरच्यांनी सांगितलंच न्हाय. सांगणार कसं? सुनंला काय म्हणून सांगायचं, बाळ, ही आपल्या पोटाला आन ती दुसऱ्याच्या? सांगाय लाज वाटती. करायला वाटत न्हाय.

"मामा," म्या म्हणलं, "मग पाटीवर लिवा की तसं. 'इहिरीजवळची आमची, रस्त्याकडची तुमची.' पाटीवर गाय कशाला काढताव?"

"ए, आवाज खाली कर," अण्णा म्हणला. "सणाचा दिस हाय. फुकट मिळत व्हती तवर गोड लागली, आता तोंड सुटलंय व्हय?"

फुकट! आता मातर मला दम निघंना. "कुणाचं फुकट रं, भागवत्या?" आख्खी पंगत वर बघाय लागली. जनमभर अण्णा म्हणलेलं तोंड हे. "माझी मेंढरं तुझ्या रानात लेंड्या टाकत्यात त्या काय फुकट? घरची ज्वारी सोडून म्या तुझी भाजी मागितली, पोटाला चिमटा घेऊन मागितली, ती काय फुकट? कानाला हात लावून सांगितलास, थेंब न्हाय म्हणून! लेकीसारखी लेक म्हणलास! तुझ्या जिभंला किडं पडलं न्हाईत ते कसं रं, मेल्या? का जिभंवरबी मारतोस फवारा?"

"मल्हार, बायकूला आवर!"

मल्हार उठला. अक्षदाच्या शेजारी जाऊन उभा राहिला नुसता.

म्या एक ताटली घेतली. सांडलेल्या भज्जीतला वरचा, माती न लागलेला भाग पळीनं भरला आन अण्णाच्या म्होरं धरला. "पाल न्हाय, हे तुला ठाव हाय आन मलाबी. चांगली धुतलीया, उकळून शिजवलीया. खा. एकच घास खा. खाल्लास तर हितंच तुझ्या पाया पडते, ह्या सगळ्यांम्होरं माफी मागते आन उगीच बोंब मारली म्हणून निघून जाते."

त्यानं ताटलीकडं बघितलं. मग तो मागं सरकला. जास्त न्हाय, एकच पाऊल. पण सगळ्यांनी बघितलं. अर्पितानं बघितलं. वैनीनं पदर तोंडाला लावला.

"खात न्हाईस?" म्या म्हणलं. "का रं? सेंद्रिय हाय की!"

ताटली म्या त्याच्या पायापाशी आपटली. आन माझं डोस्कं फिरलं ते फिरलंच. तशीच पळत वाघरीकडं गेले. खुंट उपटला, दुसरा उपटला, जाळी पाडली. मेंढरं सकाळपासनं कोंडलेली, उपाशी. "चला!" म्या वरडले. "खा! मुळासकट खा! पान ठेवू नगा एक!" आख्खा कळप धूळ उडवत मोठ्या पट्ट्याकडं उधळला. मागनं अण्णा बोंबलाय लागला, "अगं ए, उभा माल हाय! उद्याचा टेंपो हाय माझा! मल्हार, अडव की!" काय बरं वाटलं म्हणून सांगू! वाटलं, उद्या पुण्याच्या टेंपोत ह्याला लेंड्या भरून पाठवाय लागू देत. मी हसत व्हते का रडत व्हते, माझं मलाच कळंना.

म्होरची मेंढी बांध चढली. तिनं मेथीत मान घातली. आन तवा मला आठवलं. परवाच फवारलंय तिथं.

अगं माय, मरतील की गं ही!

मी पळाले. साडी पायात, चप्पल कुठं गेली ठाव न्हाय. म्होरं जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिले. "हुर्रर्र! फिरा मागं! नगा खाऊ, तोंड लावू नगा!" मल्हारबी धावत आला, काठी घेऊन. ज्या मेंढरास्नी कधी बोट लावलं न्हाय त्यास्नी ढेकळं मारली म्या. तोंडावर मारली. एक माघारी फिरवावी तर दुसरी बगलंतनं आत. पुढच्या मेंढीच्या तोंडात मेथीचा शेंडा गेलता. तिला खाली पाडली, गुडघ्याखाली दाबली, जबड्यात बोटं घालून पान न पान बाहीर काढलं. ती वरडत व्हती, मी वरडत व्हते. मल्हारनं कळप कसाबसा माघारी हाणला, पार पल्याडच्या पडीक रानात नेला.

मी तिथंच बांधावर बसले, धापा टाकत. हात हिरवेगार, मेंढीच्या लाळंनं भरलेले. अक्षदा चालत आली, एक हात कमरंवर ठेवून. कुणी आणली न्हाय तिला, एकलीच आली. वरनं माझ्या हाताकडं बघत राहिली.

"मेंढरास्नी अडवाय पळालीस, आई," ती म्हणली. "माझ्यासाठी कोण पळालं गं?"

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं.  बाळाला काय झालंय का, ते उद्या सिस्टरला इचारीन, सगळं सांगून इचारीन, आन ती जे काय बोलंल ते ऐकून घेईन. म्या हात पदराला पुसले, घासून घासून पुसले, आन तिच्या पोटावर ठेवले. बाळ हललं. मी तशीच हात ठेवून बसले, परत हलतंय का बघत. मागं भागवत्या अजून बोंबलत व्हता, मेंढरांनी मेथी तुडवली म्हणून.